बेलोरा, शिवणी आणि वेळेचा हिशेब

अकोल्याचं शिवणी आणि अमरावतीचं बेलोरा या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर जेमतेम 70 किलोमीटर. एटीआर विमान ते आठ-नऊ मिनिटांत कापेल. पण या दोघांमध्ये विमानसेवा नाही आणि तिची गरजही नाही. तरी वऱ्हाडात विमानाचा विषय निघाला की चर्चा उड्डाणाच्या मिनिटांपाशीच थांबते. प्रवाशाचा हिशेब मात्र घरून निघून, काम उरकून, घरी परतेपर्यंतचा असतो.

16 एप्रिल 2025 रोजी बेलोऱ्याहून मुंबईची सेवा सुरू झाली. मुंबई-अमरावती हवाई अंतर साधारण 540 किलोमीटर. ताशी 500च्या आसपास वेग असलेल्या विमानाला तासाभराहून थोडा अधिक वेळ पुरावा. वेळापत्रकात पावणेदोन तास होते, कारण धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं आणि मुंबईवरची रांग हेही त्यात येतं. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे तिथे खोळंबा ठरलेलाच. तरीही रेल्वेच्या दहा-अकरा तासांपुढे हे कितीतरी कमी. अडचण वेगळीच आहे. सुरुवातीची सेवा सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी आणि दुपारची होती. सोमवारी दुपारी बेलोऱ्याहून निघालेला माणूस संध्याकाळी मुंबईत पोचणार, मंगळवारी काम करणार आणि परतीचं विमान थेट बुधवारी दुपारी. अमरावती-मुंबई एक्स्प्रेसने सोमवारी रात्री निघालेला मंगळवारी काम उरकून बुधवारी सकाळी घरी असतो, आणि मुंबईत मुक्कामाचा खर्चही वाचतो. म्हणजे वेगवान विमानापेक्षा रात्रीची गाडीच अर्धा दिवस आधी घरी आणते.

मग अकोल्याने बेलोऱ्याच्या भरवशावर का राहावं, असं अकोलेकर विचारतील, आणि प्रश्न रास्त आहे. शिवणीची धावपट्टी 1943 सालची, बेलोऱ्याच्या 1850 मीटरहून बरीच आखूड. तिचं विस्तारीकरण जमिनीच्या प्रश्नात वर्षानुवर्षं अडकलं. रुग्णांसाठी आणि छोट्या विमानांसाठी ती सुस्थितीत ठेवलीच पाहिजे. पण जमीन उद्या मिळाली तरी प्रवासी कुठून आणणार? 70 किलोमीटरवरची दोन विमानतळं तेच प्रवासी वाटून घेतील. ‘उडान’चं अनुदान तीन वर्षांचं, पुढे सत्तरेक आसनं तिकिटांवरच भरावी लागतात. अमरावती, अकोला मिळून ती भरतील. वेगवेगळे भरतील याची खात्री मला वाटत नाही. शिवाय दोन्ही शहरांमधल्या महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. अकोल्याहून बेलोरा आता दीड-दोन तासांचा रस्ता आहे. सकाळी मुंबईला जाणारं, रात्री परत आणणारं रोजचं विमान, त्यासाठी बेलोऱ्याला रात्री उतरण्याची सोय आणि विमानाच्या वेळेला जोडलेली अकोला-मूर्तिजापूर-बेलोरा एसटी, एवढी मागणी दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी एकत्र लावून धरावी.