मौन कोणाच्या सोयीचे?

चित्रणस्थळी दृश्य संपले की ध्वनिमुद्रक अर्धा-एक मिनिट सर्वांना स्तब्ध उभे राहावयास सांगतो. नट असो, दिग्दर्शक असो वा स्पॉटबॉय, कोणीही बोलावयाचे नाही की हलावयाचे नाही. त्या जागेची निव्वळ शांतता मुद्रित करून घ्यावयाची असते. पुढे संवादांमधील फटी तिनेच बुजविल्या जातात. धंद्यात तिला ‘रूम टोन’ म्हणतात. साऱ्या युनिटला गप्प करण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, तो स्वतःच्या मेहनतान्याच्या प्रश्नावर मात्र वर्षानुवर्षे स्वतःच गप्प राहतो. हे मौन कोणाच्या सोयीचे आहे?

मुंबईच्या चित्रपट व दूरचित्रवाणी व्यवसायातील ध्वनिमुद्रकांत जिव्हाळ्याचा बंधुभाव आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. ऐन वेळी एकाचा वायरलेस माइक बिघडला तर दुसऱ्या सेटवरचा सोबती आपला धाडून देतो. एक आजारी पडला तर दुसरा त्याची पाळी सांभाळतो. नवख्याच्या कानाला आपला हेडफोन लावून ‘ऐक, पंख्याची घरघर कुठून येते ते’ असे शिकविणारे गुरूही येथे आहेत. हे सारे स्तुत्य आहे. परंतु या बंधुभावाचा हिशेब मांडून पाहिला तर लाभ कोणाच्या पदरी पडतो? मागून आणलेल्या माइकचे भाडे निर्माता देत नाही. त्याचे काम तेवढे अडत नाही. कामगारांची माया ही मालकाची फुकटची विमापॉलिसी झाली आहे!

वर हाच निर्माता ‘आपले युनिट म्हणजे एक कुटुंब’ असे उमाळ्याने सांगतो. मोठे विलक्षण कुटुंब म्हणावयाचे! मालिकांच्या या जगात आज केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी हाती पडण्याचा प्रघात आहे, आणि बारा तासांची पाळी बारा तासांत संपेलच याची शाश्वती नाही.

ध्वनिमुद्रणाचे श्रम नेहमीच असे नजरेआड राहिले. 1931 साली प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’चे चित्रण झाले, तेव्हा स्टुडिओजवळच्या रेल्वेच्या गोंगाटामुळे पुष्कळसे काम रात्री करावे लागले. आपल्या पहिल्या बोलपटाचा आवाज असा जागरणातून आला. 2001 साली ‘लगान’ने चित्रणाच्या वेळीच संवाद मुद्रित करण्याच्या पद्धतीला पुन्हा प्रतिष्ठा दिली. 2009 साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे माजी विद्यार्थी रसूल पूकुट्टी यांना ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी दोघा सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळाले. अभिमान सर्वांना वाटला आणि वाटावाच. पण त्या अभिमानाने दिवसभर बूमचा दांडा डोक्यावर पेलणाऱ्याची थकबाकी फिटली नाही.

कायदा नाही असे नाही. सिने कामगारांशी लेखी करार केला पाहिजे, हे 1981 च्या कायद्याने सांगितले. त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या संहितेतही लेखी कराराची अट आहे. परंतु कागदावरचा हक्क संघटित बळावाचून सेटवर उतरत नाही. थकलेले वेतन आणि कामाचे तास या प्रश्नांवर पश्चिम भारतातील सिने कामगारांच्या महासंघाला 2008 च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा 2017 च्या ऑगस्टात संप पुकारावा लागला, हाच त्याचा पुरावा होय.

यावर कित्येक ध्वनिमुद्रक म्हणतात, ‘आम्ही कामगार कसले? आमची यंत्रे आमच्या मालकीची आहेत.’ हा भ्रम आहे. इचलकरंजीचा छोटा मागधारकही मागाचा मालक असतो. पण सूत व्यापाऱ्याचे, भावही व्यापाऱ्याचाच. हप्त्यांवर घेतलेले मिक्सर खांद्याला अडकविल्याने कोणी भांडवलदार होत नाही. उलट, हप्ता चुकेल या भीतीने तो पडेल त्या दरात राबतो आणि आपल्याच सोबत्याचा दर पाडतो.

म्हणून बंधुभावाची खरी कसोटी माइक उसना देण्यात नाही. एखाद्याचे पैसे बुडवून निर्माता दुसऱ्याला फोन करतो, त्या क्षणी ती लागते. त्या दुसऱ्याने होकारापूर्वी एकच प्रश्न विचारावा: ‘माझ्याआधी येथे कोण होता, आणि त्याचे पैसे चुकते झाले का?’ उत्तर नकारार्थी असेल तर फोन खाली ठेवावा, आणि ती गोष्ट संघटनेच्या कानी घालावी. तसेच, स्वतःला मेहनताना मिळताच बूम धरणाऱ्या सहायकाचा वाटा त्याच दिवशी द्यावा. वरच्याकडे न्याय मागणाऱ्याने खालच्याची उधारी ठेवू नये.

एका दिवसाची मजुरी सोडणे सोपे नाही, याची आम्हांस जाणीव आहे. घरभाडे कोणासाठी थांबत नाही. पण एकेकट्याने सोसलेले नुकसान कायमचे असते; सर्वांनी मिळून सोसलेले काही दिवसांचे. ज्यांचे कान पानाची सळसळही टिपतात, त्यांना शेजारच्या सोबत्याचा दबलेला आवाज ऐकू येऊ नये, हे आता पुरे झाले. शांतता मुद्रित करून झाली असेल, तर आता बोलावे.