ओस शाळागृहांचें काय करावें ?

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या शिरगणतींत १६,९६,७७७ होती. २०११ मध्यें ती १६,१५,०६९ भरली. तरुण मंडळी मुंबईस जातात, वाडीवर वृद्ध माणसें उरतात आणि शाळेचा पट घटतो. दहाहून कमी पटाच्या सुमारें १३०० शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचें राज्य सरकारनें २०१७ सालीं ठरविलें, तेव्हां हा प्रश्न आपल्या दाराशीं आला. मुलें दुसऱ्या शाळेंत जातात. इमारतीस मात्र कुलूप लागतें.

चिऱ्याची इमारत वावरानें टिकते. सरकलेलें कौल वेळीं बसविलें नाहीं तर पाणी वाशांत मुरतें, वाळवी लागते व थोड्याच पावसाळ्यांत आढें खालीं येतें.

दुसरी अडचण दप्तराची. महसूल खात्यांत आमची हयात गेली, म्हणून स्पष्ट लिहितों. पुष्कळ शाळांस जागा कोणा उदार खातेदारानें केवळ शब्दावर दिली. सातबाऱ्यावर नांव त्याचेंच राहिलें. स्थावराचें बक्षीस, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणें, दोन साक्षीदारांच्या सह्यांच्या नोंदणीकृत लेखावांचून पुरें होत नाहीं. शाळा भरत असे तोंवर कोणी हरकत घेत नाहीं. ती बंद पडतांच वारस पुढें येतात, आणि त्यांचें म्हणणें कागदास धरूनच असतें. मग इमारत जिल्हा परिषदेची, जमीन वारसांची, व उपयोग कोणाचाच नाहीं !

आमच्या मतें प्रथम उतारे काढावे. चाकरमानी गणपतीस किंवा शिमग्यास घरीं येतात, त्या वेळीं वारसांस एकत्र बसवून बक्षीसपत्र, निदान दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, नोंदवून घ्यावा. दात्याचें नांव दाराशीं दगडावर कोरावें. तेवढा मान त्याचा आहे. नंतर ग्रामसभेनें ठराव करून जिल्हा परिषदेकडे इमारत मागावी.

योजना साधी असावी. आंब्याच्या हंगामांत पडवींत प्रतवारी व पेट्या भरणें, एका खोलींत वाचनालय, दुसरींत ठरल्या वारीं आरोग्यसेविकेची बैठक. नव्या भिंती घालूं नयेत; नैऋत्येच्या झडीस आडोसा मात्र करावा. फळा राहूं द्यावा, त्यावर बाजारभाव लिहितां येतील.

कोणी म्हणतील, शाळा पुन्हां भरली तर ? तर आनंदच आहे. पण त्या दिवशीं मुलांच्या डोक्यावर छप्पर शिल्लक असलें पाहिजे. कौलें परतण्याचें काम पावसाळ्यापूर्वींच होत असतें, हें शेतकरी बंधूंस आम्हीं सांगावयास नको.