शिक्का कोणाच्या खिशात?



सेलूच्या मोंढ्यात कापसाचा भाव चारचौघांसमक्ष ठरतो. परंतु आसपासच्या खेड्यांत ग्रामपंचायतीचा निर्णय कोणाच्या तरी ओसरीवर ठरतो, हे आपणांस सांगावयास नको. निजामाची राजवट 1948 साली गेली, पुढे वतनेही कायद्याने गेली. ओसरी मात्र जागच्या जागी राहिली.

1993 साली 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली व सरपंचपदे राखीव झाली. खुर्चीवर आपला माणूस बसला. पण त्याला उभे कोणी केले, निवडणुकीचा खर्च कोणी सोसला आणि शिक्का कोणाच्या खिशात राहिला, हे आपण कधी स्वतःस विचारले आहे काय?

परमपूज्य बाबासाहेबांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. 1932 च्या पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांस 148 जागा मिळाल्या. पण अखेरचे मतदान संयुक्त असल्याने निवडीची किल्ली इतरांच्या हाती गेली, हीच त्यांची तक्रार होती. 1952 साली मुंबईत राखीव जागेवर खुद्द बाबासाहेब पराभूत झाले व काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. जागा आपली, पसंती दुसऱ्याची!

वकिलीच्या व्यवसायात आम्ही काय पाहतो? कोऱ्या चेकवर सही केलेली सरपंच भगिनी चौकशीची नोटीस घेऊन येते. सही करावयास सांगणाऱ्याचे नाव कोणत्याच कागदावर नसते. ग्रामपंचायत अधिनियम, 1958 अन्वये कार्यकारी अधिकार सरपंचाचा, म्हणून जाब द्यावयाचा तोही सरपंचानेच.

दोष केवळ ओसरीचा नाही. आपल्याच घरांतील पतिराज पत्नीच्या नावे कारभार हाकतात. ‘सरपंचपती’ ही उपाधी देशभर इतकी बोकाळली की 2023 साली केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयास त्यावर समिती नेमावी लागली. बावीस प्रतिज्ञांत मानवमात्र समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. ती उंबरठ्याबाहेर ठेवावयाची होती काय?

वाचल्याविना सही करू नका. शिक्का कार्यालयाच्या कपाटात राहू द्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट वा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असा कायदा आहे; तेथे जा व खर्चाची वही मोठ्याने वाचावयास लावा. नकार मिळाल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज द्या. लिहिता येत नसेल तर घरात शाळेत जाणारी मुलगी असेलच. तिच्याकडून लिहवून घ्या.