चॉकलेटमधील गांजा : मात्रा अज्ञात, वजन मात्र पूर्ण

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमजवळ असलेले तिरुविडैमरुदूर हे महालिंगस्वामींच्या शिवमंदिरासाठी प्रसिद्ध आहे. मराठी इतिहासाशीही या गावाचे नाते आहे. 1798 मध्ये तंजावरच्या गादीवरून दूर झाल्यानंतर अमरसिंह राजांनी आपली अखेरची वर्षे येथेच काढली. काशी हे शिवक्षेत्र, तसेच हेही शिवक्षेत्र. परंतु काशीत सरकारी परवान्याच्या दुकानात उघडपणे मिळणारी भांग तिरुविडैमरुदूरला आणल्यास तमिळनाडूच्या 1937 च्या दारूबंदी कायद्याशी गाठ पडते. भांगेची मिठाई घेऊन काशीहून येथे येणारा यात्रेकरू वाटेत कोठे तरी कायद्याची सीमा ओलांडतो आणि त्याला ते कळतही नाही.

हा गोंधळ आता चॉकलेटच्या रूपाने नव्याने समोर आला आहे. कोइम्बतूर आणि हैदराबाद परिसरात पोलिसांनी अलीकडच्या वर्षांत अमली चॉकलेटे जप्त केली आहेत. मुंबईत जून 2021 मध्ये केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागाने मालाड येथील एका बेकरीतून गांजा मिसळलेल्या 830 ग्रॅम ब्राउनी ताब्यात घेतल्या. पुढच्याच महिन्यात माझगाव भागात चरस मिसळलेल्या सुमारे 10 किलो ब्राउनी सापडल्या. सिगारेटचा धूर नाही, वास नाही आणि पदार्थ तर घरच्या ओव्हनमध्ये किंवा शेगडीवर तयार होणारा. त्यामुळे हा प्रकार शरीरालाही सौम्य आणि कायद्यालाही क्षुल्लक, असा समज तरुणांमध्ये पसरत आहे. प्रत्यक्षात दोन्ही बाबतींत परिस्थिती नेमकी उलटी आहे.

प्रथम शरीराचा विचार करू. गांजातील टीएचसी हा नशा आणणारा घटक धुरावाटे काही मिनिटांतच मेंदूपर्यंत पोहोचतो. पोटात गेल्यावर मात्र त्याचा परिणाम जाणवण्यास अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो आणि यकृतात त्याचे अधिक प्रभावी रसायनात रूपांतर होते. परिणाम सहा ते आठ तास, काही वेळा त्याहूनही अधिक टिकतो. काहीच होत नाही असे वाटून दुसरा तुकडा खाल्ला जातो आणि धोका तेथेच सुरू होतो. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात मार्च 2014 मध्ये एका 19 वर्षांच्या विद्यार्थ्याने अशा बिस्किटाचा एक तुकडा खाल्ला, परिणाम न जाणवल्याने थोड्या वेळाने उरलेले सर्व बिस्किट संपवले आणि काही तासांनी चौथ्या मजल्यावरून उडी मारून प्राण गमावले. त्या बिस्किटात 65 मिलिग्रॅम टीएचसी होते आणि ही मात्रा वेष्टनावर छापलेलीही होती.

घरी केलेल्या चॉकलेटवर असे काहीच छापलेले नसते. एका झाडाच्या गांजात टीएचसीचे प्रमाण किती, दुसऱ्याच्या किती, हे प्रयोगशाळेशिवाय सांगता येत नाही. मिश्रण सारखे न झाल्यास एकाच साच्यातील एक वडी निष्प्रभ आणि दुसरी तीव्र निघू शकते. कॅनडाने 2019 मध्ये अशा खाद्यपदार्थांना परवानगी देताना एका वेष्टनात 10 मिलिग्रॅमची मर्यादा घातली, ती याच कारणाने. लहान मुलांचा प्रश्न तर अधिक गंभीर आहे. अमेरिकेच्या विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालील मुलांनी असे पदार्थ खाल्ल्याच्या 2017 मध्ये 207 नोंदी झाल्या होत्या. 2021 मध्ये ही संख्या 3,054 झाली. फ्रीजमधले चॉकलेट कोणासाठी आहे, हे मुलाला कळण्याचा मार्ग नसतो.

आता कायद्याकडे वळू. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच भांगेचा विषय राज्यांच्या कायद्यांवर सोपवला गेला. बियांच्या पदार्थांना तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर 2021 मध्ये मर्यादित मान्यता दिली आहे. परंतु गांजा किंवा चरस दुसऱ्या कोणत्याही पदार्थात मिसळल्यास ते मिश्रणही याच कायद्याखाली येते.

येथे खरा पेच निर्माण होतो. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणातील प्रत्यक्ष अमली द्रव्याचेच वजन धरावे, असे म्हटले होते. 22 एप्रिल 2020 रोजी हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती भूमिका रद्द केली आणि मिसळलेल्या निरुपद्रवी पदार्थासह संपूर्ण वजन विचारात घ्यावे, असा निर्णय दिला. गांजाच्या बाबतीत 1 किलोपर्यंतचे प्रमाण अल्प मानले जाते व त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास आहे. त्यापुढे 20 किलोपर्यंत दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चरसासाठी अल्प प्रमाण 100 ग्रॅम, तर 1 किलोहून अधिक साठा व्यापारी ठरतो आणि त्याला किमान दहा वर्षे कारावास आहे. हा निकष जसाच्या तसा लावला, तर सव्वा किलो चॉकलेटमध्ये दहा ग्रॅम चरस मिसळणारा तरुण मोठ्या तस्कराच्या रांगेत जाऊन बसतो. कोको, लोणी आणि साखर यांचे वजन त्याच्या शिक्षेत मोजले जाते.

भेसळ करून माल वाढवणाऱ्या तस्करांना पळवाट मिळू नये, हा या निर्णयामागील हेतू समजण्यासारखा आहे. तथापि, खाद्यपदार्थांच्या बाबतीत वजन हे हानीचे माप ठरू शकत नाही. 50 ग्रॅमची तीव्र वडी एखाद्या बालकाला अतिदक्षता विभागात पोहोचवू शकते, तर एक किलोचा सौम्य केक कायद्याच्या दृष्टीने अधिक गंभीर ठरू शकतो. खाद्यपदार्थांसाठी सक्रिय घटकाच्या प्रमाणावर आधारलेला निकष असावा का, याचा विचार आता संसदेनेच करावयास हवा.

तोपर्यंत दोन गोष्टी कुटुंबांच्या हाती आहेत. असा पदार्थ खाल्लेल्या व्यक्तीला, विशेषतः बालकाला, गुंगी येत असल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांपासून काहीही लपवू नये. व्यसनात अडकलेल्यांसाठी 14446 ही राष्ट्रीय मदतवाहिनी उपलब्ध आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अल्प प्रमाणाच्या प्रकरणात खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. शिक्षेचे कलम बहुतेकांना ठाऊक असते. हे कलमही तितकेच माहीत होणे गरजेचे आहे.