मालकी कागदावर, सत्ता कंपनीची

अमेरिकेच्या आग्नेय टोकाला समुद्रात शिरलेले फ्लोरिडा हे राज्य मालवाहतुकीच्या दृष्टीने मोठे अडचणीचे आहे. तेथील दाट लोकवस्तीला आणि पर्यटकांना लागणारा बराचसा माल बाहेरून ट्रकने येतो. बाहेर पाठविण्याजोगा माल मात्र, वसंतातील भाजीपाल्याचा हंगाम वगळता, थोडाच असतो. त्यामुळे मायामीकडे जाताना बरे भाडे मिळते आणि परतीचे भाडे डिझेलचा खर्च तरी भागेल की नाही, अशा पातळीवर घसरते. एकच ट्रक पदरी असलेला चालक येथे कोंडीत सापडतो. मिळेल त्या भाड्याने माल उचलावा, की शेकडो मैल रिकामा ट्रक हाकीत जॉर्जिया गाठावे, एवढीच निवड त्याच्यापुढे उरते.

भूगोलाला कोणी दोष देऊ शकत नाही. परंतु या भूगोलाचा तोटा कोणी सोसावयाचा, हे भूगोल ठरवीत नाही. ते करार ठरवितो.

असे अनेक चालक मोठ्या वाहतूक कंपन्यांशी भाडेपट्ट्याने बांधलेले असतात. ट्रक चालकाचा, कर्जाचे हप्ते त्याचे, डिझेल, टायर आणि दुरुस्तीही त्याचीच. परवाना, गिऱ्हाईक आणि माल वाटून देण्याचा अधिकार हे मात्र कंपनीकडे. भाडेपट्ट्याच्या मुदतीत वाहनाचा ताबा, नियंत्रण व वापर हे अनन्यपणे कंपनीकडेच असले पाहिजेत, असे तेथील संघीय नियमच सांगतात. अपघाताची जबाबदारी कंपनीला टाळता येऊ नये, हा त्यामागील हेतू रास्त आहे. पण ज्याच्या वापरावर मालकाचाच हक्क नाही, त्या वस्तूची मालकी म्हणजे काय? ती केवळ कर्जाची मालकी होय.

हजार ट्रक राबविणारी कंपनी जाण्या-येण्याच्या भाड्याची सरासरी काढते. एखादे बडे गिऱ्हाईक टिकावे म्हणून ती परतीचा माल पडेल दराने स्वीकारू शकते. इतर मार्गांवर ती ते भरून काढते. तो माल वाहणाऱ्या एकट्या चालकाला सरासरी नसते, त्याला फक्त तो आठवडा असतो. त्याचा मोबदला भाड्याच्या टक्केवारीने ठरलेला असेल, तर पडलेल्या दराचा फटका त्याला थेट बसतो. मैलावर ठरलेला असेल, तर रिकाम्या मैलांना पुष्कळदा कमी दाम मिळतो किंवा काहीच मिळत नाही. माल नाकारण्याचे स्वातंत्र्य करारात असले, तरी नाकारणाऱ्याला पुढचा माल उशिरा मिळाला, तर तक्रार कोणाकडे करावयाची?

कामगार म्हणून दाद मागावी, तर १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने स्वतंत्र कंत्राटदारांना सामुदायिक वाटाघाटीच्या संरक्षणातून वगळले आहे. मालक म्हणून एकत्र येऊन दर ठरवावेत, तर मक्तेदारीविरोधी कायदा आडवा येतो. दोन्ही दारे बंद करणारी ही व्यवस्था स्वतंत्र उद्योजकतेच्या नावाने गौरविली जाते!

१९८० साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी मोटार वाहतूक कायद्यावर सही केली आणि १९३५ पासून चालत आलेले भाड्याचे व परवान्याचे नियंत्रण मोठ्या प्रमाणात सैल झाले. सिनेटर एडवर्ड केनेडी आणि ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांनीही या बदलाला पाठिंबा दिला होता. जुनी व्यवस्था निर्दोष नव्हती. परवानाधारक बड्या कंपन्यांचीच ती मिरासदारी झाली होती. परंतु ती मोडताना श्रमाच्या संरक्षणाची पर्यायी तरतूद झाली नाही. स्पर्धा वाढली, भाडी उतरली, कामगार संघटनेचे बळ ओसरले आणि चालकांचे वास्तव वेतन घसरले.

येथे एक अप्रिय सत्यही नोंदविले पाहिजे. अशा चालकांना कर्मचाऱ्याचा दर्जा देऊ पाहणारा कॅलिफोर्नियाचा २०१९ चा कायदा ट्रकचालकांना लागू होण्याची वेळ जुलै २०२२ मध्ये आली, तेव्हा ओकलंड बंदराची वाट खुद्द चालकांनीच रोखली. त्यांना अडाणी ठरविणे सोपे आहे. पण कर्ज काढून घेतलेल्या ट्रकचे आता काय होणार, या त्यांच्या प्रश्नाला नुसत्या दर्जाबदलाने उत्तर मिळत नव्हते. दुसरीकडे, कंपनीनेच हप्त्याने ट्रक विकावयाचा आणि हप्ता कमाईतून कापून घ्यावयाचा, या प्रकारच्या करारांवर बंदी घालावी, अशी शिफारस केंद्रीय शासनाने नेमलेल्या अभ्यासगटाने जानेवारी २०२५ मध्ये केली. मालकीचे आमिष हाच फास असल्याची ही सरकारदरबारी मिळालेली कबुली होय.

हा प्रश्न परका मानण्याचे कारण नाही. आपल्याकडेही एकाच ट्रकचा धनी परतीच्या मालासाठी दलालाच्या कचेरीपुढे ताटकळतो. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा झाला तोच पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांपुरता. चळवळीनेही या माणसाला ‘मालक’ म्हणून बाजूला ठेवले. ही चूक सुधारावयास हवी. उत्पादनसाधन कोणाच्या नावावर आहे, एवढेच पाहून वर्ग ठरत नाही. ते कोणाच्या हुकमाने चालते आणि त्याचा तोटा कोणाच्या माथी येतो, हेही पाहावे लागते.

मार्ग नाही, असे नाही. त्याच ट्रकमध्ये माल भरणाऱ्या हमालालाही कोणी आपला नोकर मानीत नव्हते. महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापली, मालधन्यांची व कामगारांची नोंदणी केली, मजुरी व तीवरील लेव्ही मंडळात भरावयास लावली. अनेक धनी असणे म्हणजे एकही धनी नसणे, हा युक्तिवाद तेथे निकालात निघाला. त्याच धर्तीवर प्रत्येक मालभाड्याची पावती चालकाला दिसणे, रिकाम्या मैलांचा व खोळंब्याचा मोबदला मिळणे आणि भाड्याला किमान दराचा पाया असणे, या मागण्या संघटितपणे पुढे नेल्या पाहिजेत. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला जे मिळवून देता आले, ते चाकावर ओझे वाहणाऱ्याला नाकारण्याचे कारण काय?