क्लच प्लेट जळते कुणाच्या पैशाने?



महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाची मालमोटार अडवताना ते तिच्याखाली चिरडले गेले. आज आपल्याच कापूस-ज्वारीची पिकअप भर चढावर अडते. इंजिन ओरडते, गाडी हलत नाही, जळका वास सुटतो. क्लच प्लेट गेली!

शहाणे म्हणतात, माल जादा भरता, पाय क्लचवरच ठेवता. खरे आहे. पाय काढा, पेडलचा फ्री प्ले तपासा, गिअर ऑइल पाहा. त्याआधी गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. पण जादा माल काय हौसेने भरतो? दोन खेपांचे भाडे परवडत नाही म्हणून भरतो.

प्लेट बदलायला जावे तर सरकार दुकानात उभेच. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरच्या क्लच-गिअरबॉक्सवर जीएसटी 5 टक्के, पिकअपच्या त्याच भागांवर 18. आधी 28 होता म्हणून उपकार माना म्हणतात! कारखानदार हा कर वजा करून घेतो. शेतकऱ्याला ना नोंदणी, ना वजावट. गाडी भाड्याची असली तरी खर्च भाड्यातून आपल्याच माथी.

पीक शेतात येते, पैसा बाजारात होतो. मधला रस्ता शेती नाही काय? शेतमाल वाहणाऱ्या पिकअपच्या सुट्या भागांवर ट्रॅक्टरइतकाच कर लावा, हा ठराव जिल्हा बैठकीत मांडा. सूट मागत नाही, हिशेब मागतो आहोत.