राखणदाराची निष्ठा कोणाशी?

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न आपल्याकडे पूर्वापार विचारला जातो. इंटरनेटच्या जगात तो आज नव्याने विचारण्याची वेळ आली आहे. माणूस काय वाचतो, काय विकत घेतो, कोणत्या व्याधीची माहिती शोधतो, याची टिपणे जाहिरातदारांसाठी ठेवली जातात. यापासून रक्षण करू म्हणणारी साधने निघाली. त्यांतील बरीच फुकट मिळतात. मग या राखणदाराचे पोट भरतो कोण?

जर्मनीतील ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ हे जाहिराती अडविणारे साधन. त्याच्या चालकांनी २०११ साली ‘स्वीकारार्ह जाहिरातीं’ची योजना काढली. निकषांत बसणाऱ्या जाहिरातींना वाट मोकळी. लहानांना विनामूल्य, बड्या कंपन्यांनी मात्र वाढीव उत्पन्नाचे ३० टक्के मोजावयाचे. २०१८ साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने हा व्यवसाय वैध ठरविला. वापरणाऱ्याला ही सवलत बंद करता येते, हेही खरे. तथापि, ज्याला अडवावयाचे त्याच्याच पैशावर पहारेकरी पोसला जावा, ही विसंगती कायद्याने मिटत नाही.

‘अवास्ट’चे प्रकरण याहून गंभीर. पाळत रोखण्याचे आश्वासन देणाऱ्या या कंपनीनेच ग्राहकांच्या वाचनाचा तपशील ‘जम्पशॉट’ या आपल्या उपकंपनीमार्फत शंभराहून अधिक कंपन्यांना विकला. २०२० साली उपकंपनीला टाळे लागले. २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावून जाहिरातींसाठी अशी विक्री करण्यास बंदी केली. उघड शत्रूच्या पाळतीपासून सावध राहता येते. ही पाळत मित्राच्या वेषात आली.

आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात संमतीवर भर आहे. परंतु समोरचा कोणाचे मीठ खातो हे ठाऊक नसताना दिलेली संमती आंधळीच होय. तेव्हा अशा प्रत्येक साधनाने आपले उत्पन्न कोठून येते, हे ठळकपणे जाहीर करावे, अशी सक्ती व्हावयास हवी.

वृत्तपत्रेही जाहिरातींवरच जगतात, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणूनच जाहिरात ही जाहिरात म्हणून वेगळी छापण्याचा दंडक आहे, आणि तो मोडणाऱ्या वृत्तपत्रालाही वाचकाने जाब विचारावा. पैसा घेणे हा अपराध नव्हे. तो लपवून विश्वास मागणे हा अपराध होय.